श्रावण व. ५

एकतीस वह्या. दौलतगंजात एक प्रसूतिगृह होतं
(आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात),
त्याच्या जन्मनोंदी मी स्कॅन करते आहे.
ए.जी. ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून
हात रिकामे राहिले की मला बरं वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात नावं दिली ती सुचतील तशी :
‘५ मार्च’, ‘मार्च ५ नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’,
आणि एकदा, घाईत, ‘३-४-५२’.
तीन एप्रिल की चार मार्च?
माझ्या हातचं अक्षर असतं तर
शाईवरून तरी काही कळलं असतं.
यंत्रानं आपल्या अकलेनं लावून टाकलं :
एक, मग दहा, अकरा, बारा, आणि मग कुठे दोन.
ऑक्टोबरातली पोरं फेब्रुवारीच्या पुढे घुसली,
रेशनच्या रांगेत काहीजण घुसतात तशी.

भाचा निनाद फोनवर म्हणाला, मावशी,
आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.
एकेरी आकड्याच्या आधी शून्य.
आणि एकदा ठरवलंस की बदलू नकोस.

मला हसू आलं. अरे, संकल्प सोडताना
गुरुजी तरी कुठे तिथीपासून सुरू करतात?
कल्प, मन्वंतर, युग, शक,
अयन, ऋतू, मास, पक्ष,
आणि पळीतलं पाणी सांडायच्या बेतात आलं
की आजचा वार.
मोठ्या दरवाज्यातून आत आत येत
आपल्या पाटापाशी पोचायचं.

वह्यांत दोन हात आहेत.
दिवसपाळीला द्वारकाबाई मुळ्ये, अक्षर निवडलेल्या डाळीसारखं.
रात्री कंपाउंडर रामसनेही, सगळे काने उजवीकडे पडलेले.
इंग्रजी तारखेचा रकाना दोघांनीही कोराच ठेवला.
तिथी मात्र चुकली नाही.
बाईंचा महिना अमावास्येला संपे,
रामसनेहींचा पौर्णिमेला.
म्हणजे एकाच खोलीत, एकाच टेबलाशी,
वद्य पक्षात ते दोघं
वेगवेगळ्या महिन्यांत राहत होते
आणि शुद्धात पुन्हा भेटत.
बाई ‘वद्य’ लिहीत, तो ‘वदी’.
तेवढ्या एका अक्षरावर मी शेकडो जन्म जागी लावले.

मग लक्ष्मीचंद राठौर आले. जुना ओव्हरसियर,
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी.
शाळेत मास्तरांनी सगळ्या वर्गाचा वाढदिवस
एक जुलै लिहिला होता.
“बहनजी, मरने से पहले असली वाली देखनी है.”

सापडली. एक्कावन्न सालची वही, पान चाळीस.
‘श्रावण व. ५, पहाटे, मुलगा.’
व. पुढे टिंब.
पहाटे, म्हणजे पाळी बदलायची वेळ.
अक्षरावर आयोडीनचा डाग, आणि घाईत
बाईंचे कानेही उजवीकडे पडत असणार.

वद्य असेल तर बावीस ऑगस्ट.
वदी असेल तर तेवीस जुलै.
मी भिंग लावलं, पान खिडकीशी धरलं,
स्क्रीनवर ते टिंब बोराएवढं होईपर्यंत मोठं केलं.
टिंबच होतं.

माझा नियम मॉनिटरला चिकटवलेला आहे,
लाल शाईत, खाली माझी सही.
तरी त्या एका फाइलचं नाव मी ठेवलं
१९५१-०७-२३-किंवा-१९५१-०८-२२.
निनादला सांगितलेलं नाही.

राठौरजींनी प्रिंट घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला,
बराच वेळ ‘किंवा’वर बोट ठेवून उभे राहिले.
“तो एक जुलाई गई?”
गेली, म्हटलं.

तेवीस जुलैला सकाळी साडेसातला त्यांचा फोन :
“बहनजी, आज है क्या?”
असू शकतो, मी म्हणाले.
पलीकडे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.
“ठीक है. जलेबी आधा किलो ही लेता हूँ.
बाकी अगस्त में.”